पाणी उतरलं नाही आलात तरी चालेल: रोजच्या लिखाणातली विरामचिन्हं

२०१९च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. इथं इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, एवढं सांगितलं की बाहेरच्या वाचकाला अंदाज येईल. त्या दिवसांत आमच्या शेजाऱ्यांनी विट्याच्या मेहुण्यांना फोनवरून एक ओळ पाठवली:

पाणी उतरलं नाही आलात तरी चालेल

मेहुणे टेम्पो घेऊन निघायच्या बेतात होते. त्यांनी वाचलं, 'पाणी उतरलं. नाही आलात तरी चालेल.' टेम्पो दारातच राहिला. शेजाऱ्यांना म्हणायचं होतं, 'पाणी उतरलं नाही. आलात तरी चालेल.' भिडस्त माणूस 'या' म्हणतो ते असंच म्हणतो. पुढं दोन-तीन वर्षं प्रत्येक लग्नात हा विषय निघायचा आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असायचे.

मी सांगलीत अर्ज, नोटिसा आणि पत्रिका टाईप करून देतो. लोक हातानं लिहिलेला किंवा फोनवर आलेला मजकूर आणतात, मी तो नीट करून छापतो. शुद्धलेखनावर भांडणारी माणसं मला रोज भेटतात. 'की' ऱ्हस्व की दीर्घ यावर तासभर बोलतील, पण सगळ्या पानात एक पूर्णविराम नसतो. त्यांचाही दोष नाही म्हणा. शासनमान्य लेखनाचे जे १८ नियम आहेत ते अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि शब्दरूपांचे आहेत. विरामचिन्हं त्यात नाहीत. शाळेत ती एका तक्त्यात येतात, पूर्णविरामापासून अपसारणचिन्हापर्यंत, आणि दोन गुणांच्या प्रश्नाबरोबर संपतात.

माझा अनुभव असा की तो सगळा तक्ता पाठ करायची गरज नाही. मराठीत विभक्तीचे प्रत्यय बरंच काम करतात, त्यामुळे चिन्ह चुकलं तरी बहुतेक वाक्यं कळतात. अर्थ मोडतो तो ठरावीक पाच-सहा जागी. त्या जागा ओळखायच्या आणि तिथं हयगय करायची नाही. कसं, ते एका अर्जावरूनच दाखवतो.

आधी क्रियापदं शोधा

वारस नोंदीचा हा कच्चा मजकूर. असे अर्ज आठवड्याला दोन-चार येतात. नावं, आकडे मी बदललेत, तऱ्हा तीच ठेवलीय:

महोदय वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की माझे वडील १२/३/२०२४ रोजी मयत झाले असून त्यांचे पश्चात पत्नी सुमन मुलगा दत्तात्रय विजय मुलगी लता असे वारस आहेत त्यांच्या नावे गट नं २१४/१ २ क्षेत्र ०.४ हे आहे सदर जमिनीस वारसांची नावे लावावीत ही विनंती

पहिलं काम पेन्सिलीचं. मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर संपतं, म्हणून क्रियापदांना गोल करा: 'करतो', 'झाले असून', 'आहेत', 'आहे', 'लावावीत'. प्रत्येक गोलापाशी स्वतःला विचारा, इथं गोष्ट संपली का? संपली असेल तर पूर्णविराम. 'असून', 'करून', 'जाऊन' आलं की वाक्य पुढं चालू राहतं आणि लिहिणाऱ्याला थांबायची आठवणच राहत नाही. अशा वेळी 'झाले असून' खोडून सरळ 'झाले.' करा. अर्जातली निम्मी गुंतागुंत एवढ्यानंच सुटते.

'अर्ज करतो की'च्या पुढं बरेच जण स्वल्पविराम देतात. 'की' स्वतःच दोन वाक्यं जोडतो, तिथं चिन्ह नको असं माझं मत. दिलं म्हणून कुणी अर्ज परत करत नाही, त्यामुळे गिऱ्हाईकानं हट्ट धरला तर मी ठेवतो.

मग नावांची यादी

खरी मेख 'मुलगा दत्तात्रय विजय' इथं आहे. आपल्याकडे नावापुढं वडिलांचं नाव लागतं. तेव्हा परका माणूस हे 'विजयचा मुलगा दत्तात्रय' असं वाचणार. होते दोन भाऊ. एक स्वल्पविराम नाही म्हणून चार वारसांचे तीन झाले. मी सहज विचारलं, 'वडलांचं नाव विजय होतं का ओ?' तेव्हा समोरचा दचकून म्हणाला, 'न्हाई न्हाई, त्यो धाकटा.'

जुन्या मोडी कागदांत तर विरामचिन्हं नव्हतीच. आधी ओळीची रेघ ओढायची आणि तिच्याखाली लेखणी शक्यतो न उचलता लिहीत जायचं. शब्दांत जागाही सोडायची नाही. तरी व्यवहार चालले, कारण चिन्हांचं काम शब्द करायचे. 'दत्तात्रय बिन विजय' म्हटलं की बापलेक, वाद संपला. 'येणेप्रमाणे' आलं की पुढं यादी आहे हे कळायचं, 'सबब' आलं की कारण संपून मागणी सुरू, आणि 'कळावे, हे विनंती' म्हणजे पत्र संपलं. आज आपण वापरतो ती स्वल्पविराम-अर्धविरामाची पद्धत इंग्रजीवरून आली. १९व्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी ती मराठीत रुजवली. म्हणजे चिन्हं आली, जुने शब्द गेले, आणि आता आपण चिन्हंही देत नाही. मोडी लिहिणारा कारकून आपला अर्ज बघून डोक्याला हात लावेल.

त्या कारकुनाकडून मी एक गोष्ट उचलली आहे: जिथं जमीन, पैसा किंवा माणूस पणाला लागलाय तिथं सगळा भार एकट्या स्वल्पविरामावर टाकायचा नाही. स्वल्पविराम झेरॉक्समध्ये पुसट होतो, फॅक्समध्ये तर जायचाच. तिथं आकडे घालून यादी करा किंवा 'असे चार' हा शब्द टाका. मग एखादं चिन्ह गळलं तरी मोजणी जुळत नाही हे वाचणाऱ्याच्या लक्षात येतं.

सातबाऱ्याचे आकडे

'गट नं २१४/१ २' म्हणजे २१४/१ आणि २१४/२, की २१४/१२? मध्ये सोडलेली जागा टाईप करताना मिटली की ती तिसऱ्याचीच जमीन होते. गट नंबर प्रत्येक वेळी पूर्ण लिहावा: 'गट नं. २१४/१ व गट नं. २१४/२'. शाई थोडी जास्त जाते, जाऊ द्या.

'०.४ हे आहे' यात दोन भानगडी आहेत. 'हे.' म्हणजे हेक्टर. टिंब नसेल तर ते नुसतं 'हे' होतं आणि वाक्य 'हे आहे' असं वाचलं जातं. आणि ०.४ हेक्टर म्हणजे ४० आर, म्हणजे जवळपास एक एकर, घाईत ०.०४ झालं की राहिले ४ आर. म्हणून '०.४० हे. (४० आर)' असं दोन्हीकडून बांधून घ्यायचं. तारीखही तशीच. १२/३ हे १२ मार्च की ३ डिसेंबर, हा प्रश्न परदेशातल्या मुलाला कागद पाठवला की हटकून येतो. '१२ मार्च २०२४' लिहिलं की विषय मिटला.

आता तो अर्ज असा दिसतो (पूर्ण नावं आणि वयं इथं गाळली आहेत, अर्जात ती हवीतच):

महोदय,
वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की माझे वडील १२ मार्च २०२४ रोजी मयत झाले. त्यांच्या पश्चात पुढील चार वारस आहेत:
१. सुमन (पत्नी)
२. दत्तात्रय (मुलगा)
३. विजय (मुलगा)
४. लता (मुलगी)
वडिलांच्या नावे गट नं. २१४/१ व गट नं. २१४/२ मिळून एकूण ०.४० हे. (४० आर) जमीन आहे. सदर जमिनीस वरील वारसांची नावे लावावीत, ही विनंती.

शब्द जवळजवळ तेच आहेत.

'नाही' कुणाचं, ते ठरवा

शेजाऱ्यांच्या टेम्पोकडं परत येऊ. मराठीत 'नाही' मागच्या क्रियापदालाही चिकटतं आणि पुढच्यालाही. 'उतरलं नाही' होतं, 'नाही आलात'ही होतं. 'नको'चं तेच: 'थांबू नको जा' आणि 'थांबू? नको, जा.' म्हणून वाक्याच्या मध्यात 'नाही', 'नको', 'नव्हे' यांपैकी काही आलं की आधी किंवा नंतर चिन्ह हवंच. फोनवर घाईत लिहिताना मी तर दोन वेगळे निरोपच पाठवतो. 'पाणी उतरलं नाही.' पाठव, मग 'या.'

अशीच दुसरी जागा म्हणजे 'भेटून', 'घेऊन', 'बघून'च्या पुढं 'आलेला', 'दिलेला' येतो तेव्हा. 'मी साहेबांना भेटून आलेल्या माणसाला कागद दिला.' यात साहेबांना कोण भेटलं, मी का तो माणूस? 'मी साहेबांना भेटून, आलेल्या माणसाला कागद दिला' म्हटलं तर मी भेटलो. तरीही हे वाक्य मला पटत नाही. 'मी साहेबांना भेटलो. तिथं आलेल्या माणसाला कागद दिला.' हे सरळ.

हाक मारलीत तर स्वल्पविराम द्या

हा नियम आमच्या भागासाठी खास, कारण इथं नात्यांचीच नावं असतात. अण्णा, तात्या, आबा, बापू, दादा. 'तात्या मामा आले' म्हणजे तात्यामामा नावाचे मामा आले, की तात्यांना कुणी सांगतंय की मामा आले? हाक असेल तर 'तात्या, मामा आले.' एक माणूस असेल तर 'तात्यामामा' जोडून. लिहिताना एवढं ठेवा, बोलताना सूर सांभाळून घेतो.

प्रश्नचिन्ह: पैशाच्या निरोपात तर हवंच

हे माझ्याच अंगावर आलेलं आहे. बोलताना आपण 'का' न लावता नुसत्या सुरावर प्रश्न विचारतो. 'जेवलास?' 'आला?' लिहिताना तो सूर जातो. मी एकांकडं उधारीची आठवण म्हणून लिहिलं, 'पैसे मिळाले'. मला विचारायचं होतं, बँकेतून मिळाले का, म्हणजे माझे देता येतील. समोरून अंगठा आला. मी वाट बघत बसलो. महिन्यानं विचारलं तर त्यांनी तोच निरोप दाखवला: 'तुम्हीच लिवलंय की, पैसे मिळाले म्हणून.' रक्कम साडेतीन हजारांची होती. त्यांच्या मुलानं दिलेत असं ते समजून चालले होते. भांडण झालं नाही, पण माझाच पुरावा माझ्या विरुद्ध उभा राहिला हे खरं.

तेव्हापासून पैशाबाबत 'का' पण लिहितो आणि प्रश्नचिन्ह पण देतो. मिळाले असतील तर 'रु. ३,५००/- मिळाले.' असं रकमेसकट. '/-' हे आकड्याच्या शेपटीला लावलेलं कुलूप आहे, पुढं शून्य वाढवता येत नाही. अक्षरी रकमेच्या शेवटी 'मात्र' लिहितात तेही त्याचसाठी.

एक उलट चूकही होते. 'ते कधी येणार हे माहीत नाही' याला प्रश्नचिन्ह लागत नाही. इथं आपण विचारत नाही, सांगतोय.

टिंब एक, कामं चार

टिंब वाक्य संपवतं, शब्द आखूड करतं (ता., जि., मु. पो.), दशांश दाखवतं, आणि वेळही दाखवतं. ही कामं एकमेकांत मिसळली की घोळ होतो. पुराच्या दिवसांत पाणीपातळीचे निरोप '४५.६', '४५.११' असे फिरतात. हे फूट-इंच आहेत: ४५ फूट ६ इंच आणि ४५ फूट ११ इंच. दशांश समजून वाचणाऱ्याला ४५.११ हे ४५.६ पेक्षा कमी वाटतं. म्हणजे पाणी पाच इंच चढलंय आणि हा घरात म्हणतोय, उतरायला लागलं. असे निरोप पुढं पाठवताना 'फूट' आणि 'इंच' हे शब्द लिहायचा कंटाळा करू नका.

हळदीच्या सौद्यातले दर '१५.५००' असे लिहिलेलेही मी पाहिलेत. हजाराला स्वल्पविराम: १५,५००. लाखाला १,२५,०००. आणि '१०-१२ पोती' म्हणजे आपल्या कानाला दहाबारा, अंदाजे. नक्की मर्यादा सांगायची असेल तर '१० ते १२' लिहावं.

पत्रिकेतला 'कै.'

लग्नपत्रिकेत सगळ्यात जास्त टिंबं असतात आणि सगळ्यात कमी तपासली जातात. चि., चि. सौ. कां., श्री., सौ., कै. देवाला नुसतं 'श्री', माणसाला टिंबासह 'श्री.', हे बहुतेकांना ठाऊक असतं. एका पत्रिकेत मजकूर आला, 'कै. गणपती, शंकर व महादेव यांचे नातू'. मी तसाच छापला. शंकरआजोबा हयात होते, चांगले ठणठणीत. मांडवात पत्रिका हातात घेऊन त्यांनी मला गाठलं आणि विचारलं, 'मला कवा पोचिवलंस रं?' त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक नावाआधी त्याचं त्याचं उपपद द्या, आणि हयात माणसं एका ओळीत, गेलेली दुसऱ्या ओळीत. मुहूर्ताची वेळ '१२.३५' लिहिण्यापेक्षा 'दुपारी १२ वा. ३५ मि.' ही जुनी पद्धत चांगली आहे, तिला मी हात लावत नाही.

डिजिटल बोर्डांबद्दल न बोललेलं बरं. 'भावपूर्ण श्रद्धांजली !!!' बघितलं की गेलेल्या माणसाच्या विजयाची मिरवणूक वाटते. दुःखालाही उद्गारचिन्ह चालतं, पण एक. आणि दुकानाच्या पाटीवर 'शुद्ध' तूप असं अवतरणचिन्हात लिहिलं की ते कुणाच्या तरी मते शुद्ध असावं असा संशय येतो. ठसा उमटवायचा असेल तर अक्षर जाड करा.

कळफलकाच्या खोड्या

'विषयः', 'दिनांकः', 'स्थळः' असं छापलेलं दहापैकी सात कागदांवर तुम्हाला दिसेल. तो अपूर्णविराम (कोलन) नाही, विसर्ग आहे. कारण कळफलकात आहे. इनस्क्रिप्ट या मराठी टंकायच्या कळरचनेत शिफ्टबरोबर उणेचिन्हाची कळ दाबली की विसर्ग येतो, आणि इंग्रजीत कोलन असतो त्या कळेवर च-छ बसलेत. मग टंकणारा हाताशी असलेली दोन टिंबं देतो. 'विषयः' वाचायचं झालं तर 'विषयह' असं होईल. कोलनसाठी क्षणभर इंग्रजी कळफलकावर जा. तयार मजकुरात एकदम शोधून बदलायला जाऊ नका, नाहीतर 'स्वतः', 'विशेषतः' आणि 'दुःख' यांचेही विसर्ग जातील. एकेक बघून बदला.

फोनवर हिंदीचा कळफलक लागलेला असेल तर पूर्णविरामाच्या जागी दंड (।) येतो. मराठी गद्यात आता टिंबच. दंड ओवी-अभंगांत राहू द्या.

चिन्हाच्या आधी जागा सोडायची नाही, नंतर एक सोडायची. ही टापटिपीपुरती गोष्ट नाही. आधी जागा सोडली की संगणक चिन्हाला वेगळा शब्द समजतो आणि ओळ भरली की स्वल्पविराम पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो. कंसाच्या आतल्या बाजूलाही जागा नको.

छापायच्या आधी आणि नंतर

लिहिणाऱ्यानं स्वतः वाचून उपयोग नसतो, कारण त्याला सूर माहीत असतो. तो 'पाणी उतरलं नाही' बरोबरच वाचणार. विषय माहीत नसलेल्या माणसाला द्या आणि मोठ्यानं वाचायला सांगा. मी शेजारच्या चहावाल्याच्या पोराला देतो. तो जिथं अडखळतो किंवा मागं जाऊन परत वाचतो, तिथं मी पेन्सिलीनं खूण करतो. सांगत काही नाही, नाहीतर तो सांभाळून वाचायला लागतो.

इतकं करूनही छापल्यावर एखादं चिन्ह राहिलेलं दिसतंच. गिऱ्हाईक घाईत असतं, परत छापायला वेळ नसतो. मग पेनानं काकपद (^) करून वर स्वल्पविराम घालायचा आणि समासात अर्जदाराची लहान सही घ्यायची. सहीशिवाय केलेली दुरुस्ती कुणी केली हे नंतर सांगता येत नाही. सगळ्या प्रतींवर तीच दुरुस्ती करा, पोच घेऊन परत आणायच्या प्रतीवरसुद्धा. विसरायची हमखास ती एकच राहते.